फगनीच्या वडिलांना मी काय सांगितलं

मी जे लिहिते आहे ते माझ्या मुलीला माहीत नाही, नवऱ्याला कधी कळलं नाही, आणि आमच्या पाळकसाहेबांना तर मुळीच नाही. प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी मिळून पापांची कबुली म्हणते. मीही म्हणते, मोठ्या आवाजात. सगळ्यांबरोबर म्हटलं की कुणाचं नेमकं काय ते कळत नाही — सोयीचं असतं ते.

जबलपुरात मला बरेच लोक ओळखतात. मंडल्याकडच्या मुलींना कामाच्या नावाखाली विकायला नेणाऱ्या दलालांना स्टेशनवर अडवणाऱ्या ज्या बायका आहेत, त्यांतली मी एक. ठाण्यातले शिपाई ‘मैडमजी आ गईं’ म्हणत खुर्ची देतात. माझी रूथ कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगते, आमची आई कुणाला घाबरत नाही. हे काम का धरलं असं विचारलं की मी म्हणते, प्रभूने बोलावलं. बोलावलंही असेल. पण त्याआधी काय झालं होतं?

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. आम्ही जबलपुरातच, रांझीला लष्करी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नवरा वर्कशॉपमध्ये, मी फॅक्टरीच्या टेलिफोन एक्स्चेंजवर. दोघांनाही ओव्हरटाइम. रूथ नुकती रांगायला लागली होती. तिला सांभाळायला एक गोंड मुलगी ठेवली होती — फगनी. तेरा-चौदाची असेल. कामाला चोख, पण हसणं फार. कानाला वाटी लावून माझी नक्कल करायची, “हैलो, एक्सचेंज! साहब बिजी हैं!” आणि रूथ खिदळायची.

मग अमरावतीहून सासूबाई राहायला आल्या आणि फगनीला काम उरलं नाही. तिला तिच्या गावी पोहोचवायचं, एवढंच करायचं होतं. मी जास्त करायला गेले.

त्याच सुमारास आमच्या घरसभेत सॅम्युएलभाऊ येऊ लागला. त्याला चर्चमधून मीच घरी आणलं होतं. चहूकडे हिंदी, त्यात आमची मराठी मंडळी मूठभर. नवा माणूस आला की आम्ही फार विचारत नसू — बाप्तिस्मा कुठला, आणि प्रार्थना करता का? तो उभा राहिला आणि अशा घरच्या मराठीत प्रार्थना केली की सासूबाईंनी डोळे पुसले. झालं. पास झाला. मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत मुलींना कामाला लावतो, म्हणाला, तिथे शिकवतातही. मी फगनीचं नाव पुढे केलं. तिच्या वडिलांचा निरोप आला — दीदी करेल ते बरोबर. रविवारी मी उपासनेत उभी राहून साक्ष दिली, की माझ्या हातून एका मुलीचं भलं होतं आहे. शेजारच्या ग्रेसबाई कुजबुजल्या, “चलो, आमच्या भाचीलाही पाठवा, तिच्या मायला तेवढाच आराम!” आम्ही दोघी तोंड दाबून हसलो.

निघायच्या दिवशी सॅम्युएलभाऊ फगनीला सकाळी घेऊन गेला. दुपारी ती एकटीच परत आली. स्टेशनजवळच्या कुठल्याशा खोलीतून पळून, बस पकडून. मी कामावर निघायच्या तयारीत दारात उभी होते.

“दीदी, मैं नहीं जाऊँगी. वो बोला, अब तेरा नाम रोज़ी है. कोई पूछे तो गाँव का नाम नहीं बताना.”

नव्या नावाचं आम्हाला काय? बाप्तिस्म्याला आम्हीही नवं नाव देतो, आनंदाने देतो. मी तिला तेच समजावलं. पण गाव लपवायला कोण सांगतं? आणि का सांगतं? एवढं न कळायला मी बावळट नव्हते. मला तिथेच, दारात, कळलं.

तरी मी तिला आत घेतलं नाही. मला पुढचा रविवार दिसत होता — सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, की ज्याला मी तुमच्यात आणलं तो भामटा आहे. चर्चच्या कमिटीवर नवऱ्याचं नाव नुकतंच सुचवलं होतं. ग्रेसबाई काय म्हणतील तेसुद्धा ऐकू येत होतं.

आतून सासूबाई म्हणाल्या, “काहून रडून राहिली ते पोरगी?”

“काही नाही. नखरे.”

मागोमाग तो रिक्षा घेऊन आलाच. “सलाम, ताई,” म्हणाला, हसून. मी फगनीचं मनगट धरलं आणि तिला रिक्षात बसवलं. त्याने नाही — मी. ती ओरडली नाही. अनोळखी माणसाने धरलं असतं तर ओरडली असती.

सॅम्युएलभाऊ पुन्हा घरसभेत आला नाही. मी रोज प्रार्थना केली. ठाण्यात गेले नाही. ठाणं काही लांब नव्हतं.

लढाई संपली, आणि पुढच्या हंगामात तिचे वडील आले. पंच्यात त्यांच्या शेतातलं कोदोचं धान्य बांधून आणलं होतं, रूथसाठी. दाराशी उकिडवे बसले आणि मुलीचं विचारलं, “दीदी, मोड़ी अच्छी है न?”

हीच वेळ होती. तोवर फार दिवस गेले नव्हते. त्या माणसाचा चेहरा, बोलणं, सगळं मला आठवत होतं. पोलिसांना सांगता आलं असतं. मी म्हटलं, निरोप आला आहे, मजेत आहे, लिहायला शिकते आहे. ते हसले. पाया पडायला वाकले तेव्हा मी मागेही सरले नाही.

पुढे ते दरवर्षी येत राहिले, आणि मी दरवर्षी काहीतरी सांगत राहिले. तिचं लग्नही मीच लावून दिलं — तोंडाने.

आता कुणाची मुलगी हरवली की आईबापांना मी स्वतः ठाण्यात नेते. तिथे आधी विचारतात, कुणाबरोबर गेली, कुणी पाठवली? त्या प्रश्नापायी फगनीची तक्रार मी आजवर दिलेली नाही. बाकीच्या मुलींना शोधायला कुणीतरी निघतं. हिला शोधायला कुणीच निघालं नाही, कारण ती हरवली आहे हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही.

तिचे वडील वारले. आई आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या गावी आमची सभा होती. गोड बोलणाऱ्यावर भरवसा ठेवू नका, मुलीला कुणाच्याही हवाली करू नका, असं मी माईकवरून सांगत होते. फगनीची आई पुढेच बसून मान डोलावत होती. सभा उठल्यावर जवळ आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, फगनीला मुलं किती झाली?

मी म्हटलं, दोन.