ईश्वरप्पाचं टोचन

लातूरच्या रिंगरोडवर आता बंद पडलेली गाडी क्रेन येऊन उचलते. पुढची दोन चाकं हवेत, मागची दोन रस्त्यावर, आणि मालक बाजूला मोबाइलवर कुणावर तरी ओरडत उभा. ईश्वरप्पा ओट्यावरून हे बघतात आणि जीभ टाळूला लावून 'च्क' करतात. त्यांच्या मते हे पाहुण्याला बखोटीला धरून नेण्यासारखं आहे. गाड्या ओढायचा त्यांचा जुना जाड दोर, त्यांचा नाडा, आता अंगणात कपडे वाळवायला बांधलाय. तो जरा सैल पडला की ओट्यावरून उठून ते तो ताणतात. बायको रत्नम्मा म्हणतात, "लुगड्याला बी टोचन लावा आता."

बंद गाडी दोराने बांधून दुसऱ्या गाडीमागे नेणं, त्याला ट्रकवाले टोचन म्हणतात. ईश्वरप्पांनी आयुष्यभर तेच केलं. लिलावात घेतलेला मिलिटरीचा ट्रक आणि दहा हातांचा नाडा एवढी त्यांची दौलत. त्या नादात ते स्वतःच्या लग्नालाही टोचन करत गेले. वाटेत कुणाची तरी जीप बंद पडलेली दिसली, नवरदेवाने बाशिंग वर सारलं आणि नाडा काढला. बैलगाडीच्या चालीने वऱ्हाड मांडवात पोचलं, तोवर मुहूर्त निघून गेला होता. त्याला काही नाडा बांधता आला नाही. सासू गौरम्मा हे बारा वर्षं विसरल्या नव्हत्या. लेकीला त्या विचारायच्या, "दोरवाले बरे हायेत ना?" जावई म्हणून कधी नाव घेतलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला आणि त्यानंतरचा पहिलाच उन्हाळा आला. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या. पाऊस तेवढा जुन्याच जिल्ह्यात राहून गेल्यासारखा. पाण्याच्या टँकरवर घाईने 'लातूर' रंगवलेलं आणि त्याखालून 'उस्मानाबाद' डोकावतंय. असाच एक भरलेला टँकर निलंग्याच्या वाटेवर चार कोसांवर मरून पडला. इंजिनच बसलं. ज्या गावाला तो निघाला होता ते गौरम्मांचं गाव, आणि तिथं तीन दिवसांत घागर भरली नव्हती.

ईश्वरप्पा पोचले तेव्हा टँकरचा ड्रायव्हर श्रीमंत बंपरला दोर बांधून तयार बसला होता.

"सोड ते," ईश्वरप्पा म्हणाले. "बंपर म्हंजे मिशी. मिशी धरून माणूस वडत्यात का? खाली वाकून चासीचा हूक बघ."

"अण्णा, निम्मं पाणी सोडून देऊ का? हलकी हुईल."

"निम्मं सोडलंस तर उरलेलं आत नाचंल, आन् तुला घेऊन पलटी खाईल. भरली घागर गप ऱ्हाती. बायकूच्या डोक्यावरची कधी बघितली न्हाईस?"

ट्रकच्या हुकापासून टँकरच्या हुकापर्यंत नाडा बांधला. नाड्याच्या मधोमध रत्नम्माच्या जुन्या लुगड्याचा लाल तुकडा लावला, म्हणजे कुणी सायकलवाला मधून घुसायला नको. एवढं झाल्यावर ईश्वरप्पांनी दुसरी एक दोरी काढली, एक टोक श्रीमंतच्या हातात दिलं, एक स्वतः धरलं आणि भर उन्हात चालायला लागले.

"काय करायलात अण्णा?"

"परीक्षा. मी थांबीन, पळीन, वळीन. दोरी मातीला लागली न्हाई पायजे."

दोन मिशीवाले बाप्ये दोरी धरून डांबरावर येरझाऱ्या घालताहेत हे बघून खडी फोडणाऱ्या बाया हातोडे ठेवून हसायला लागल्या. पहिल्या खेपेला दोरी मातीत लोळली. दुसऱ्या खेपेलाही लोळली. तिसऱ्यांदा श्रीमंतला कळलं, की पुढचा थांबायच्या आधीच आपण थांबायला लागायचं.

"हां, आता बस," ईश्वरप्पा म्हणाले. "गाडी न्यूट्रल. इंजिन बंद म्हंजे ब्रेक लई जड. दोन्ही पायांनी दाब. दोन हॉर्न दिले की दाबायचा."

निघाले. माणूस चालेल तेवढाच वेग. चढाला काही त्रास झाला नाही. मग ओढ्याचा उतार आला. अर्ध्यात नाडा सैल पडला. ते ईश्वरप्पांच्या पाठीला कळलं. संसार केलेल्या माणसाला घरातला अबोला कळतो तसं. आता आपण ब्रेक दाबला तर टँकर येऊन धडकणार. झटक्याने पुढं पळालो तर नाडा तुटणार. मग गाव, पाणी आणि गौरम्मा, तिघांनाही तोंड दाखवायची सोय नाही. त्यांनी दोन हॉर्न दिले, आणि सायीवरून बोट फिरवावं तसा पाय ॲक्सिलरेटरवर टेकवला. ट्रक हळूच पुढं सरकला. मागं श्रीमंत ब्रेकवर उभाच राहिला होता. नाडा कुरकुरला आणि ताणला गेला.

गावात शिरले तेव्हा घागरींची रांग वेशीपर्यंत आली होती. गौरम्मा रांग सोडून आल्या. जावयाकडे बघितलंही नाही. टँकरच्या मागं जाऊन, कमरेत वाकून, आल्या वाटेवर लांबवर बघत राहिल्या. फुफाटा कोरडा होता. एक थेंब सांडलेला नव्हता.

घरटी दोन घागरी मिळाल्या. वाटप संपल्यावर गौरम्मा भरला तांब्या घेऊन आल्या. त्या गावात दोन महिन्यांत कुणी पाहुण्याला पाय धुवायला पाणी दिलं नव्हतं.

"पाय धुवा, जावईबापू."

बारा वर्षांनी. ईश्वरप्पांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, आपल्या ट्रकच्या उघड्या बॉनेटकडे गेले आणि निवलेल्या रेडिएटरमध्ये सगळा ओतला.

"परत बी जायचंय, सासूबाई. हिनं लई वडलंय."

गौरम्मांनी आधी ट्रककडे बघितलं, मग जावयाच्या धुळीने पांढऱ्या पडलेल्या पायांकडे.

"मुहूर्त गाठला म्हणलं एकदाचा," त्या म्हणाल्या, "तर पाय कोरडेच." आणि दुसरा तांब्या आणायला घराकडे वळल्या.