एस्तेरबाईंची पंगत

कोणी माणसाला कमी लेखणारं काही बोललं की एस्तेरबाई पदराचं टोक नाकाला लावत आणि शांतपणे विचारत, "इथे कुठे उंदीर मेलाय का हो?" बोलणारा बिचारा खरंच आजूबाजूला बघे. बाई मात्र त्याच्याकडेच बघत राहत.

उभा जन्म त्यांनी नर्स म्हणून काढला. सडलेले पाय, चिघळलेल्या जखमा, महिनोन्‌महिने अंथरुणात पडलेली माणसं त्यांनी धुतली, पुसली. तिथे कधी नाकाला पदर लावला नाही. "पू धुतला की जातो," त्या म्हणत. "हे बोलणं कशाने धुवायचं?"

रत्नागिरीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी ग्रंथालयात नोकरी करते, फारशी बोलत नाही. सकाळी बाई खिडकीवर टकटक करत, "काय गो, पुस्तकातून डोकं काढ. बांगडे आलेत."

आमची चर्चची मंडळी लहान. रविवारी सगळे एकमेकांना सलाम करतात, सोयरिकी जमवतात, प्रीतीवरचा उपदेश ऐकतात आणि घरी जाऊन मासे तळतात. त्या मंडळीत याकोबदादा आले. मूळचे मंडणगडकडचे, आता भाट्याला एका माडांच्या बागेत राखणीला. तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. औषधाने पूर्ण बरा झाला, पण हातांची बोटं गेली. ते मागच्या बाकावर बसले आणि दोन-तीन रविवारांत तो बाक त्यांच्या एकट्याचा झाला. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे असं बोलून करत नाहीत.

खरी अडचण प्रभुभोजनाची होती, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घेण्याची. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचो आणि पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लावत पुढे जायचे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक, निवृत्त मुख्याध्यापक मोहितेसर, याकोबदादांना फार गोडीने म्हणाले, "दादा, तुमचे पाय दुखतात. घाई करू नका, सगळ्यांचं झाल्यावर सावकाश या." त्या दिवसापासून याकोबदादा शेवटी पिऊ लागले. पुढच्या महिन्यात एस्तेरबाई बायकांची रांग सोडून उठल्या आणि त्यांच्याही पलीकडे जाऊन टेकल्या. आता शेवटच्या त्या होत्या.

बाहेर आल्यावर मोहितेसरांनी विचारलं, "बाई, हे काय?"

"माझेपण गुडघे दुखतात हो सर."

लोक हसले. पण वर्षभरात मंडळीच्या कमिटीने ठराव केला: आरोग्याच्या दृष्टीने प्रत्येकाला वेगळा, छोटा काचेचा पेला. बाई कमिटीपुढे उभ्या राहिल्या. "त्याचा आजार बरा होऊन जमाना झाला. त्याच्यापासून तुम्हाला काही व्हायचं नाय, हे मी नर्स म्हणून सांगते."

"कोणा एकाचा प्रश्न नाही, बाई," मोहितेसर म्हणाले. "आपण सगळ्यांचाच विचार केला पाहिजे."

"करा ना. त्या सगळ्यांत याकोब येतो की नाय, तेवढं सांगा."

पेले आले. औषधाच्या मापाएवढे. बोटं नसलेला माणूस ते धरणार कसे, हे इतक्या शिकलेल्या माणसांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. याकोबदादांनी दोन्ही तळव्यांत पेला दाबून धरला, तो निसटला, फुटला, आणि द्राक्षरस कठड्याच्या पांढऱ्या कापडावर सांडला. पाळक तरुण होते, ते गोंधळून थांबले. मोहितेसरांनी झाडलोट करणाऱ्याला खूण केली. त्याने फडक्याने पुसलं आणि ते फडकं चिमटीत धरून, अंगापासून लांब ठेवत बाहेर नेऊन टाकलं. कोणीतरी गीत सुरू केलं. सगळ्यांनी सुरात म्हटलं. मला त्या सुराची जी शिसारी आली, ती अजून उतरलेली नाही.

एस्तेरबाईंनी आपला भरलेला पेला तबकात परत ठेवला. "पंगतीतून माणूस उठवला," त्या एवढंच म्हणाल्या. "मी कशी जेवू?"

त्या दर रविवारी येत राहिल्या, पण प्रभुभोजनाच्या वेळी हात मांडीवर ठेवून बसून राहत. मी एकदा म्हटलं, "बाई, त्यांच्यासाठी तुम्ही प्रभूपासून का दूर राहता?" त्या माझ्यावर चिडल्या. "प्रभू मला दिसत नाय गो. याकोब दिसतो. मला एवढंच जमतं." पण घरी परत जाताना त्यांचे डोळे भरलेले असत. त्यांना ती भूक फार होती.

याकोबदादा मात्र त्या दिवसानंतर आले नाहीत.

बाईंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पाळक छोटा पेला घेऊन आले, मोहितेसरही सोबत होते. बाई उशीला टेकून म्हणाल्या, "याकोबला बोलवा. जुना मोठा प्याला आणा. आधी तो पिईल, मग मी."

पाळकांनी मोहितेसरांकडे पाहिलं. मोहितेसर हळुवारपणे म्हणाले, "ठराव झालेला आहे, बाई. कमिटीला विचारावं लागेल."

"विचारा," बाई म्हणाल्या. "मी थांबते."

त्यांना थांबता आलं नाही. कमिटीची बैठक भरण्याआधीच त्या गेल्या, प्रभुभोजनावाचून.

दफनाच्या वेळी मोहितेसर बोलले. बाईंनी आपल्याला माणसामाणसांत भेद न करायला शिकवलं, असं ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. ते ढोंग असतं तर मला सोसलं असतं. मी लोकांतून बाहेर पडून दफनभूमीच्या कडेच्या चिऱ्याच्या गडग्यापाशी जाऊन उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात ते ग्रंथालयात आले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगतो. कमिटीने बाईंची विनंती मान्य केली. अपवाद म्हणून." ते समाधानाने वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळी मी भाट्याला गेले. याकोबदादा पडलेल्या झावळ्या काखेत धरून एका बाजूला ओढत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी काय मागितलं होतं तेही, आणि कमिटीने काय ठरवलं तेही. बाईंचं ऐकताना ते झावळी सोडून खाली बसले.

मग मान वर करून त्यांनी विचारलं, "मग आता त्या परवानगीचं काय करायचं, बाय?"

ते थट्टा करत नव्हते. माझ्याकडून खरंच उत्तर मागत होते.