दारात येणारे मासे कुणी बंद केले?

बदाम खात जा रे बाबांनो रोज. तुमची आठवण फार पातळ झाली आहे.

काल दुपारी इथे, नाशिक रोडच्या घरी, माझी सून वैशाली कंप्युटरवर आमच्या रत्नागिरीच्या जुन्या सोसायटीचा ग्रुप वाचून दाखवत होती. कुणीतरी त्या शहराची माहिती टाकली आहे... दीपगृह, किल्ला, भाट्याचा समुद्र, हापूस, लाल माती. आणि खाली तुम्ही सगळे उसासे टाकताय. 'दारात येणारे ते ताजे मासे... ती रत्नागिरी आता कुठे.'

माझी मेथी निवडायची तशीच राहिली. वैशालीला म्हटलं, मला अक्षर येत नाही, तू लिही. आणि एक शब्द गाळू नकोस.

दारातले मासे कुणी बंद केले, ते एकालाही आठवत नाही? मला आठवतं.

माझ्या मुलाची, प्रकाशची, तिकडे बदली झाली म्हणून मी गेले. दहा-बारा वर्षं झाली असतील. पहिल्या पावसाळ्यात मला ते गाव मुळीच आवडलं नाही. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, आणि आपल्याला 'घाटावरचे' म्हणतात ते वेगळंच.

माणूस मिळालं ते एकच. शेवंतीबाय... मिरकरवाड्याच्या बंदरावरून डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायला यायची. तिने मला सौंदाळा मासा ओळखायला शिकवलं, मी तिला मेथीची ताजी जुडी. 'तुमची घाटावरची भाजी हितं येईस्तोवर म्हातारी होते गो, तुज्यासारखी,' असं मला तोंडावर म्हणायची.

दिवाळीनंतर सोसायटीच्या गेटपाशी एक मोठा बोर्ड लागला. निळा, पांढऱ्या अक्षरांचा. बरा वाटला, कारण त्याखाली दोन बायका मावतील एवढी सावली पडायची.

तर आम्ही दोघी त्याच्याखाली बसून मासे साफ करायचो. चांगले आठ दिवस. तुम्ही येता-जाता वर बघायचात, मग आमच्याकडे बघायचात आणि मान खाली घालून निघून जायचात... मला वाटलं, वयाचा मान ठेवताय.

नवव्या दिवशी सेक्रेटरी आले. 'आजी, जरा वाचा की वर काय लिहिलंय.' म्हटलं, तुम्हीच वाचा, तुमचा आवाज चांगला आहे. वाचलं त्यांनी. मासे विकणाऱ्यांना आत यायला आणि गेटसमोर बसायला मनाई. वास येतो म्हणून.

राहायचं रत्नागिरीत आणि माशाचा वास येतो म्हणायचं. मी पदर खोचला. तर ते अगदी शांतपणे म्हणाले, 'आधी घरी विचारा. प्रकाशरावांचीही सही आहे.'

शेवंतीबायने मासे टोपलीत भरले. टोपली उचलायला मी हात लावायला गेले, तेव्हा म्हणाली, 'ऱ्हाव दे. तुज्या हाताला वास येल.'

तेवढंच. मुस्काटात बसल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी प्रकाशला विचारलं. म्हणतो कसा, 'आई, सगळ्यांनीच केली. कागद फिरत आला, मीही केली.' दुपारी तिचेच बांगडे जेवून गेला होता.

अरे, ह्याच नाशिक रोडच्या कॉलन्यांत मी दारोदार मेथी-कोथिंबीर विकली. तू लोकांच्या पायरीवर, माझ्या टोपलीला टेकून झोपायचास. तेव्हा कुणी असा बोर्ड लावला असता, तर तू सही करण्याइतका शिकला असतास का? हे मी त्याला तेव्हाच विचारलं. आज तुम्हाला विचारते, कारण त्या कागदावर तुम्हीही आहात, आणि आता उसासेही तुम्हीच टाकताय.

पुढे मी बाजारात जाऊन तिच्याकडूनच घ्यायची. मासे चांगले निवडून द्यायची ती. थट्टा मात्र परत कधी केली नाही.

प्रकाश हे वाचेल. वाचू दे.

आता काम ऐका. तुमच्यातलं जे कुणी अजून रत्नागिरीत असेल, त्याने मला सुका जवळा पाठवावा. दुकानातला पाकिटातला नको. बाजारात जमिनीवर बसलेल्या बाईकडून घ्या, तिच्याशी दोन शब्द नीट बोलून. फडक्यात बांधा, डब्यात भरू नका, आणि एसटीने पाठवा. येऊ दे वास गाडीभर.