एका यंत्राचे दोन मालक

कारापूरचा सगुण बावीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवत होता. खाणी बंद पडल्यावर त्याच्या मालकांनी, गोकुळदासांनी, ट्रक विकले आणि बसगाड्या घेतल्या. पुढे मोपाला विमानतळ झाला, तिथं कामाला जाणाऱ्यांना पोचवायचं कंत्राट त्यांना मिळालं. सगुणचा उजवा गुडघा तोवर कुरकुरायला लागला होता. गोकुळदासांनी त्याला डिचोलीच्या ऑफिसात बसवलं. कुठली बस, कोण ड्रायव्हर, किती वाजता, हे सगळं तो ठरवायचा, आणि माणसं वेळेवर पोचायची.

धंद्यात गोकुळदासांची पुतणी हर्षा भागीदार झाली आणि दोघांनी मिळून बसगाड्यांवर नजर ठेवणारं यंत्र घ्यायचं ठरवलं. प्रत्येक बसमध्ये एक डबी, ऑफिसात एक मोठा पडदा. यंत्र घ्यावं यावर दोघांचं एकमत होतं. ते कशासाठी, हे मात्र एकमेकांना कुणी विचारलंच नाही.

गोकुळदासांनी सगुणला सांगितलं, "कोण कुठं उगाच थांबतो ते मला रोज सकाळी कळलं पाहिजे. तीनदा थांबला की त्याची ड्युटी काप."

दोन दिवसांनी हर्षा म्हणाली, "सगुणदादा, बस कुठं पोचली ते प्रवाशांना फोनवर दिसणार. लोकांनी उन्हात ताटकळायला नको. तेवढं सांभाळा."

सगुणनं दोघांनाही होय म्हटलं. त्याच्या स्वभावातच ते होतं.

ड्रायव्हरांत तुषार नावाचा दोडामार्गकडचा पोरगेला माणूस होता. अस्नोड्याला भाड्याच्या खोलीत आईला घेऊन राहायचा. आईला साखरेचा आजार, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. दुपारी जेवणाआधीचं इंजेक्शन तुषारच द्यायचा. दुपारच्या पाळीची बस घेऊन जाताना तो घरापाशी पाच मिनिटं थांबे. पहिल्या आठवड्यातच पडद्यावर त्याच्या नावापुढे लाल खुणा आल्या.

"सगुणदादा, आवशीक सुई देवक थांबतंय मी," तो म्हणाला. "ड्युटी कापलास तर घर कसा चलात?"

सगुणनं मालकांकडे जायला हवं होतं. तो गेला नाही. त्यानं तुषारला डबीची डॅशबोर्डखालची वायर दाखवली. "अस्नोड्याच्या अलीकडे काढ, कोलवाळचा पूल ओलांडलास की परत लाव. कोण विचारणार नाही."

हळूहळू बाकीच्या ड्रायव्हरांनाही ही वायर माहीत झाली. गोकुळदासांना यंत्राचा रोज सकाळचा कागद स्वच्छ दिसू लागला आणि ते खूश झाले. हर्षाकडे मात्र तक्रारी वाढल्या, कारण वायर निघाली की प्रवाशांच्या फोनवर वेळापत्रकातलीच वेळ दिसायची, बस कुठंही असो. ती यंत्रवाल्यांशी फोनवर भांडायची. गोकुळदास म्हणायचे, यंत्र उत्तम आहे. ती म्हणायची, पैसे पाण्यात गेले. असे आठ महिने गेले.

मार्चमधल्या एका दुपारी तुषारची बस अस्नोड्यालाच पंक्चर झाली. वायर काढलेलीच राहिली. चाक बदलण्याच्या धांदलीत त्यानं ऑफिसला फोन केला नाही. धारगळच्या नाक्यावर रेश्मा नावाची बाई त्याच बसची वाट बघत उभी होती. विमानतळावर साफसफाईच्या कामाला लागून तिला जेमतेम नऊ दिवस झाले होते. तिच्यासमोरून मोपाला जाणारी दुसरी बस गेली. फोनवर आपली बस चार मिनिटांवर दिसत होती, म्हणून तिनं समोरची सोडली. कामावर पोचली तेव्हा तासाभराचा उशीर झाला होता. ठेकेदारानं तिच्या जागी दुसरी बाई घेतली.

दुसऱ्या दिवशी ती डिचोलीला ऑफिसात आली. आरडाओरडा केला नाही. सगुणसमोर फोन धरला आणि म्हणाली, "मी हातची बस सोडली. तुमच्या फोनात गाडी येत होती म्हणून."

ती गेली. सगुण उठून आतल्या खोलीत गेला. गोकुळदास आणि हर्षा दोघंही तिथं होते.

"पात्रांव, बाय, दोघांना एकदमच सांगतो," तो मालकांना आणि हर्षाला म्हणाला. "वायर काढायला मी शिकवलं. तुषारला पहिल्यांदा, मग सगळ्यांना कळलं."

गोकुळदासांनी चष्मा काढला. "म्हणजे आठ महिने मी खोटा कागद वाचतो आहे?"

"आणि मी त्या यंत्रवाल्यांना नाही नाही ते बोलले," हर्षा म्हणाली.

"चूक माझी. पण तुम्ही मला वेगवेगळं सांगितलंत. पात्रांव, तुमच्या कागदाला भिऊन ड्रायव्हर वायर काढतो, आणि वायर काढली की बायच्या प्रवाशांना खोटी वेळ दिसते. दोन्ही कामं एकाच डबीवर आहेत. तुम्ही दोघं कधी एकत्र त्या पडद्यासमोर बसलाच नाहीत."

गोकुळदास चिडले होते, आणि ते साहजिकच होतं. "माझ्याकडे आला असतास तर तुषारला मी नाही म्हटलं असतं?"

"म्हटलं असतंत असं वाटलं," सगुण म्हणाला. "विचारलं नाही, ही माझी चूक."

त्या दुपारी काका-पुतणी पहिल्यांदा पडद्यासमोर बसली. वाद बराच झाला. शेवटी अस्नोड्याचा थांबा वेळापत्रकातच घातला, सात मिनिटांचा. ड्युटी कापणं बंद झालं. यंत्र बसचा वेगही टिपायचं, ती खबर मात्र गोकुळदासांनी सोडली नाही आणि हर्षालाही ती हवीच होती. सगुणला महिनाभर ऑफिसातून काढून बस चालवायला घातलं. गुडघा दुखायचा, पण तो तक्रार न करता गेला.

हर्षानं ठेकेदाराला दोनदा फोन केला, उपयोग झाला नाही. रेश्माला पेडण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, ते तिचं तिनंच शोधलं. सगुण एका रविवारी तिच्या घरी गेला आणि वायरची गोष्ट तिलाही सांगितली. तिनं ऐकून घेतलं. चहा विचारला नाही. "सांगायला आलात ते बरं केलंत," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आता सगुण पुन्हा ऑफिसात आहे. वायर कोणी काढत नाही, फोनवरची वेळ बहुतेक बरोबर असते, आणि गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीनंही बसगाड्या मागितल्या. सध्या बसमध्ये कॅमेरे लावायचा विषय चालू आहे. गोकुळदासांना ते चोरी पकडायला हवेत, हर्षाला बायकांच्या सुरक्षिततेसाठी. रोज सकाळी दोघं त्यावरून भांडतात, पण आता सगुणच्या टेबलापाशी उभं राहून, त्याच्यासमोर.