हॅण्डल अन् टाकीच्या मधात माझा अंगठा

आमचा संत्र्याचा बगीचा हाये, पक्कं घर हाये, माझे दात बी सगळे जाग्यावर हायेत. तरी तिशी आली तं मले कोनी पोरगी देऊन नव्हतं राहिलं. पोरगा शेती करते म्हने. म्हनून मामानं पातूरचं स्थळ आनलं तवा म्या ठरवलं, जाचं तं असं जाचं का पोरगी पाहातच राहिली पाहिजे. ते झालं, बरं का. पाहातच राहिली.

बाबाची जुनी मोटरसायकल बिचारी मुकाट्यानं चालून राहिली होती. तिचं सुख मले पाहावलं नाही. अमरावतीच्या भंगारातून गाभन म्हशीवानी टाकी आनली अन् उंच हॅण्डल काढून बुटकं, सपाट हॅण्डल लावलं. मामा म्हने, "भाच्या, हे चालवाची हाये का वरातीत नाचवाची?"

बुटक्या हॅण्डलनं गाडी वळवाले जड झाली. मले वाटलं, कमीच वळून राहिली. खाली वाकून पाहिलं तं हॅण्डलच्या मानेजवळ बोराएवढा लोखंडी गुंडा. हॅण्डल वळलं का त्याले टेकून थांबे. म्हनलं, सापडला चोर! ग्राइंडर घेतलं अन् उडवला. सातवीत तीन डाव बसलो, हुशारी कुठंतरी निघनारच.

मंग गाडी अशी वळे का हॅण्डल सीधं टाकीवर. टाकी चेपली अन् मधात माझा अंगठा. तवा समजलं का तो गुंडा टाकीले अन् मले वाचवाले होता. पन म्या उपाय काढला. उजवीकडं वळतांनी अंगठा उचलून घ्याचा, बस्स. एवढ्यासाठी मिस्त्रीकडं कोन जाते?

मामाले मागं बसवून पातूरले निघालो. अमरावती ते अकोला रस्ता सरळ, म्हनून गाडीनं माही इज्जत राखली. अकोल्यात एक उजवं वळन आलं तं म्या मामाले उतरवलं, "इंजिन गरम झालं, पाय मोकळे करू." अन् दोघांनी गाडी मागून उचलून फिरवली. मामानं बी जोर लावला. त्याले पोरगा उजवाचा होता.

पोरीच्या बापाचं घरासमोरच ट्रॉल्या बनवाचं वेल्डिंगचं दुकान. अंगनात आमच्यासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. फाटकातून आत गेलं का उजवीकडं. म्या ऐटीत वळवली अन् त्या ऐटीत अंगठा उचलाचा राहून गेला. अॅक्सिलेटरचाच हात तो. तो सुटंना, गाडी थांबंना. तीन खुर्च्या घेऊनच थांबलो.

"लागलं काय, पाव्हने?" पोरीच्या बापानं इचारलं.

"नाही, नाही," म्या म्हनलं. अंगठा वांग्यावानी झाला होता.

मंग आमाले बाजेवर बसवलं. पोरगी पोहे घेऊन आली. म्या बशी डाव्या हातानं घेतली, अन् तिनं माह्याकडं न पाहाता गाडीकडं पाहिलं. तिच्या बापानं तं खाली वाकून टॉर्चच लावला. पोरगी पाहाचा कार्यक्रम होता, गाडी पाहाचा झाला.

"याचा स्टॉपर कुठं गेला?"

"मिस्त्रीनं कापला," म्या म्हनलं. "लय शाना होता."

"मिस्त्री असा उंदरानं कुरतडल्यावानी नाही कापत," पोरगी म्हने.

मामाले पोह्याचा ठसका लागला. आता हे बी स्थळ गेलं, हे त्याच्या डोळ्यात दिसून राहिलं होतं. मंग गेलंच हाये तं काय लपवाचं?

"मीच कापला," म्या म्हनलं.

"काहून?" तिनं इचारलं.

"मले वाटलं, तोच वळू देऊन नाही राहिला."

ती पदर तोंडाले लावून आत पळाली. मले वाटलं लाजली. आतून सगळ्या बायाचं हसनं आयकू आलं.

तिच्या बापानं बॅटरीची वायर काढली, टाकी उतरवून दूर भिंतीपाशी ठेवली अन् नवा स्टॉपर वेल्ड केला. टाकी परत बसवली. पोरगी आली अन् वळलेल्या हॅण्डलच्या अन् टाकीच्या मधात तिनं मूठ घालून पाहिली. गेली नाही.

"बाबा, आनखी भरा थोडं."

परत टाकी उतरली, परत वेल्डिंग. मंग ती मले म्हने, "आता तुमी बसून फिरवा. दोन्हीकडं." फिरवलं. मूठ आरामात गेली.

"गाडी आता कमी वळन," तिचा बाप म्हने. "पन अंगठा राहीन."

शेती किती, पानी किती, कोनी इचारलंच नाही. निघतांनी तिनं एकच इचारलं, "ग्राइंडर कोनाचं?"

"माहं सोताचं," म्या छाती काढून सांगितलं.

आठ दिवसानं मामाले फोन आला. पोरगी हो म्हने. मामाचा इस्वास बसंना, त्यानं कारन इचारलं. तिचा बाप म्हने, "ती म्हनते, अक्कल नाही, पन दुसऱ्या डावाले का होईना, खरं सांगते. फक्त ते ग्राइंडर तिच्या ताब्यात पाहिजे."

लगन झालं, ग्राइंडर दिलं. तिच्या पेटीत हाये, कुलपात. परवा फाटकाचा बिजागर अडकला, म्हनून म्या मागितलं.

"काय कापाचं," ती म्हने, "ते आधी दाखवा."