आवाज रेकॉर्डिंगयोग्य नाही

मोहियोद्दीनचाचा माइकसमोर कुणालाही ‘हॅलो’ म्हणू देत नाहीत. पुढारी असो, कीर्तनकार असो की नवरदेवाचा मामा, माणूस माइकजवळ आला की चाचा विचारतात, “सकाळी काय खाल्लं?” समोरचा आधी गोंधळतो, मग सांगू लागतो. भाकरी, पिठलं, रात्रीची उरलेली खिचडी. त्याचं सांगून होईपर्यंत चाचांची बोटं मिक्सरच्या बटणांवरून फिरून झालेली असतात.

उदगीरला चौबाऱ्याजवळ त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक शटर, आत ॲम्प्लिफायरची थप्पी आणि वर खिळ्याला टांगलेले दोन जुने भोंगे. वय अडुसष्ट. आयुष्यभर भोंग्यांजवळ उभं राहून डावा कान गेला, म्हणून बोलणाऱ्याकडे उजवा कान करून बसतात. चाळीस-बेचाळीस वर्षं या गावातलं एकही भाषण, एकही शिवकीर्तन, एकही उरूस त्यांच्या माइकाशिवाय झाला नाही. आणि आता त्याच गावात पोरं त्यांना ‘भोंगेवाला’ म्हणतात. डीजे आला तेव्हा चाचांना लोकांनी सांगून पाहिलं, तुम्हीही घ्या, काळाबरोबर चला. चाचा म्हणाले, “छातीत धडधड होती, त्याला आवाज म्हनत न्हाईत.” लोक हसले. मला त्या हसणाऱ्यांचा अजून राग येतो. ज्यांच्या लग्नातल्या मंगलाष्टका चाचांच्या माइकवरून गावभर गेल्या, तेच हसत होते.

माझा राग तसा स्वस्त नाही. पण या वर्षी तो पुरून उरला.

मी उदगीरला पशुपालकांच्या एका संस्थेत काम करते. आमच्याकडच्या देवणी जातीच्या गाईंबद्दल मोबाईलवर ऐकता येईल असा पॉडकास्ट करायचं ठरलं. दहा भाग, प्रत्येक भागात गाय पाळणारं एक माणूस बोलणार. पहिल्या भागासाठी मी सिद्धम्माआजींचं नाव सुचवलं. देवणी गावाच्या पुढं एका खेड्यात राहतात, वय पंच्याहत्तर. वासरू उभं राहायच्या आत त्याच्या खुरांवरून आणि कानांवरून ते पुढं कसं निघेल हे सांगतात. त्यांनी निवडलेल्या वळूंना जनावरांच्या प्रदर्शनात तीनदा पहिला नंबर मिळाला. फेटा बांधला गेला नवऱ्याला, नंतर थोरल्या मुलाला. फोटोत आजी कुठंच नाहीत. बोलायला तयार व्हायच्या आधी त्यांनी मला एकच विचारलं, “माज्याच आवाजात जाईल न्हवं? का दुसरं कुनी वाचंल?” मी म्हटलं, “तुमच्याच आवाजात, आजी.” शब्द दिला.

रेकॉर्डिंग करायला लातूरहून व्यंकटसर आले. त्यांचा स्वतःचा स्टुडिओ आहे, सामान भारी आहे, बोलण्यात अर्धे शब्द इंग्रजी. आजींच्या मुलाने नवीन बांधलेल्या फरशीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. आजींच्या पदराला कॉलरचा छोटा माइक लावला. व्यंकटसर म्हणाले, “हॅलो म्हणा.” आजींना वाटलं, यंत्रात बोलायचं म्हणजे शेतातल्या माणसाला हाक मारावी तसं बोलायचं. त्यांनी असा काही हॅलो ठोकला की बाहेरचा कुत्रा उठून बसला. सरांनी आवाज खाली घेतला, समाधानाने मान हलवली आणि रेकॉर्डिंग चालू केलं. मग आजी त्यांच्या रोजच्या आवाजात बोलायला लागल्या. मंद, मायेचा, गाईजवळ बसून बोलावं तसा.

दहा मिनिटांनी सरांनी हेडफोन काढला. “काहीतरी टक टक वाजतंय. आणि घासतंय.” ते आजींकडे बघत राहिले. आजींच्या गळ्यात दोऱ्याला इष्टलिंगाची चांदीची डबी होती, नेमकी माइकजवळ. हात हलला की डबी माइकाच्या चिमट्याला लागत होती. सर मला म्हणाले, “त्यांना ते लॉकेट काढून ठेवायला सांगा.”

लॉकेट. लातूरसारख्या शहरात राहून हा माणूस इष्टलिंगाला लॉकेट म्हणतो. आमच्याकडे लिंग एकदा गळ्यात पडलं की ते अंगावरून उतरत नाही, झोपेतही नाही, आजारपणातही नाही. माणूस मातीत जातो तेव्हाही ते त्याच्यासोबत जातं. मी लिंगायत घरातली, मला हे कुणी शिकवायला नको. सरांनी मला सांगितलं, मी आजींना सांगितलं. आजींनी छातीवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटल्या आणि डबी होती तिथंच राहिली. सर ‘बरं, बघू’ म्हणाले आणि उरलेलं तसंच उरकलं.

चार दिवसांनी मेल आला. “वक्त्याचा आवाज रेकॉर्डिंगयोग्य नाही. आवाज फार कमी, खरखर जास्त. मजकूर व्हॉइस आर्टिस्टकडून वाचून घेऊ. सोमवारपर्यंत कळवा.” सोबत मूळ रेकॉर्डिंग आणि त्यांनी साफ करून पाहिलेला नमुना होता. आवाज वाढवला तर खरखरही तेवढीच वाढलेली, आणि खरखर काढली तर आजी रांजणात तोंड घालून बोलताहेत असं वाटत होतं.

तो मेल वाचून माझं डोकं सणकलं. वक्त्याचा आवाज योग्य नाही. म्हणजे माइक ठीक, खोली ठीक, सर ठीक, पंच्याहत्तर वर्षांची बाई तेवढी बिघडलेली. आणि उपाय काय, तर लातूरची कुणी पोरगी स्टुडिओत बसून आजींचं आयुष्य वाचणार, जिने वासराला कधी हात लावला नाही. फेटा परत दुसऱ्याच्या डोक्यावर. आमचे संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, “मजकूर महत्त्वाचा. आवाजाचं काय एवढं?” मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही.

शुक्रवारी सकाळी मी मूळ रेकॉर्डिंग घेऊन चाचांच्या दुकानात गेले. खरं सांगायचं तर मदतीच्या आशेने कमी आणि भडास काढायला जास्त. चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आधी टेप ऐकू दे.” ते अजून रेकॉर्डिंगला टेपच म्हणतात. हेडफोन फक्त उजव्या कानाला लावला आणि एक्केचाळीस मिनिटं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. एकही बटण दाबलं नाही. ही त्यांची पद्धत आहे, पूर्ण ऐकल्याशिवाय हात लावायचा नाही. मधे एका जागी मात्र ते थांबले, मागे गेले, परत ऐकलं, परत मागे गेले.

मग हेडफोन गळ्यात ओढून मला म्हणाले, “सुकन्या, तुमच्या घरी आता लिंग कोन बांधतं?”

मला वाटलं, डबीचं माप वगैरे विचारताहेत. “आई बांधते. माझं देवघरात असतं. ऑफिसात कपड्यांवर बरं दिसत नाही.”

“हां,” चाचा म्हणाले.

“आणि त्या माणसाची हिंमत बघा चाचा, म्हणे लॉकेट काढा. असं कुणी म्हणतं का?”

चाचा ॲम्प्लिफायरवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, “चाळीस साल शिवकीर्तनाला माइक लावून राहिलो. स्वामी असो का म्हातारी, लिंगाला हात लाव असं मी कोनाला म्हनलो न्हाई. माइक सरकतो की. त्याला काय पाय न्हाईत, पर हात तर आपल्याला हायत.” एवढं बोलून त्यांनी दोष मोजून दाखवले. हॅलोच्या ओरडण्यावर आवाज बांधला, म्हणून खरं बोलणं तळाला गेलं. तळातला आवाज मागून उपसला की गाळ वर येणारच. हॉलला फरशी आणि चार कोऱ्या भिंती, म्हणून घुमतंय. सरांचा लॅपटॉप चार्जरवर होता, म्हणून बारीक गुणगुण. “आक्काच्या आवाजात खराबी कायबी न्हाई,” ते म्हणाले. “लई चांगला आवाज हाय. उद्या जाऊ.”

शनिवारी आम्ही गेलो. चाचांनी हॉल बघितला, एकदा टाळी वाजवली आणि बाहेर आले. पडवी बघितली, तिथं पत्रा होता. मग गोठ्याला लागून असलेल्या कडब्याच्या खोलीत शिरले. तिन्ही बाजूंनी छतापर्यंत पेंढ्या रचलेल्या. तिथं त्यांनी टाळी वाजवली ती वाजल्याबरोबर विझली. “बस,” चाचा म्हणाले, “हाच स्टुडिओ.” आजींचा थोरला मुलगा ओशाळला, पाहुण्यांना कडब्यात बसवायचं म्हणजे काय. चाचांनी त्यालाच बाज आणायला लावली.

माइक स्टँडवर लावला, आजींच्या तोंडापासून एक वीतभर, जरा बाजूला, म्हणजे श्वास थेट आत जाणार नाही. पदराला काही नाही, गळ्याजवळ काही नाही. दारावर वाकळ टांगली. रेकॉर्डर बॅटरीवर चालवला. मग समोर मांडी घालून बसले आणि विचारलं, “आक्का, सकाळी काय खाल्लं?”

“ज्वारीची भाकर,” आजी म्हणाल्या, “आन् उडदाचं वरन. धाकट्या सुनंनं मीठ कमी घातलं, मी बोलले न्हाई.” त्या हसल्या. चाचांची बोटं तोवर थांबली होती. त्यांनी मला खूण केली, चालू झालंय.

आजी तासभर बोलल्या. हात हवे तसे हलले, डबी दोऱ्याला झुलत राहिली आणि माइकात काहीच आलं नाही. पलीकडे एक गाय दोनदा हंबरली. मी हळहळले, तर चाचा म्हणाले, “राहू दे. गाईवर बोलून राहिल्या आक्का, मग गाय न्हाई बोलनार?” शेवटी आजी प्रदर्शनाबद्दल बोलल्या. “वळू मी निवडला. फेटा त्यांनी बांधून घेतला. मी घरी पुरन घातलं. आता सांगून टाकलं बघा.” एवढं म्हणून त्यांनी चाचांकडे पाणी मागितलं.

सोमवारी मी ते रेकॉर्डिंग व्यंकटसरांना पाठवलं. तासाभरात उत्तर आलं. “उत्कृष्ट. कोणता स्टुडिओ?” मी लिहिलं, कडब्याची खोली; ध्वनी: मोहियोद्दीन, उदगीर. त्यांना ते थट्टा वाटली असावी, कारण पुढं काही उत्तर आलं नाही. भाग आजींच्याच आवाजात गेला. चाचांचं नावही गेलं, ते मी भांडून घालायला लावलं. अध्यक्ष आता सगळ्यांना सांगतात की आवाजाला फार महत्त्व असतं.

इथं माझा राग संपायला हवा होता.

पंधरा दिवसांनी संस्थेच्या रेकॉर्डरच्या कार्डवर जागा करायची म्हणून मी जुनं, बिघडलेलं रेकॉर्डिंग पुसायला घेतलं. पुसण्याआधी हेडफोन लावून ऐकलं, चाचांची सवय लागली म्हणून. आजींचा आवाज तसाच तळाशी, वर टक टक. दहाव्या मिनिटाला मात्र एक आवाज आला, मोठा, स्वच्छ, एकही खरखर नसलेला. मी माइकवर वाकून आजींच्या पदराशी खटपट करत होते, त्यामुळे असेल. तो माझा आवाज होता.

“आजी, काढून ठेवा ना थोडा वेळ. कोण बघतंय? मी तरी कुठं घालते आता. काही होत नाही.”

व्यंकटसरांनी एवढं सांगितलं नव्हतं. ‘कोण बघतंय’ माझं होतं. ‘काही होत नाही’ माझं होतं. त्यांना निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी लाडीगोडी लावून सांगितलं होतं, आणि पंधरा दिवस गावभर त्यांच्या नावाने बोंब मारत फिरले होते. चाचा त्या दिवशी कुठं थांबले, कशासाठी मागे गेले, लिंग कोण बांधतं हे त्यांनी का विचारलं, ते मला आत्ता कळलं. त्यांच्या गळ्यात तो हेडफोन होता आणि मी त्यांना विचारत होते, असं कुणी म्हणतं का.

माझ्या बोलण्यावर आजींनी काहीतरी उत्तर दिलं होतं, पण तोवर मी सरांशी बोलायला लागले होते. माझ्या आवाजाखाली आजींचे शब्द दबले होते. मी आवाज वाढवला. माझाच वाढला. आणखी वाढवला, पुन्हा माझाच.

दुपारी चाचांच्या दुकानात गेले. ते कुठल्याशा शाळेचा ॲम्प्लिफायर उघडून बसले होते. मी रेकॉर्डर समोर ठेवला आणि म्हटलं, “चाचा, दहाव्या मिनिटाला आजी काय म्हणाल्या?”

त्यांनी हेडफोन लावला नाही. रेकॉर्डरकडे बघितलंसुद्धा नाही.

“म्हनल्या,” चाचा म्हणाले, “तुजा दोरा तुटला काय गं माय? मी वळून देते.”