दहापैकी किती

लॅबकाकू कुणालाही "घाबरू नकोस" म्हणत नसत. "किती? दहापैकी सांग," एवढंच विचारत. नागपूरच्या कॉलेजात वर्षानुवर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतलेली बाई. भीतीसुद्धा मोजल्याशिवाय त्यांना पटत नसे.

अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे आल्यावर त्या एका क्लिनिकसाठी पेशंटचा सराव फोनवरून तपासायचं काम करू लागल्या. मला फ्रीवेवर पॅनिक अटॅक यायचे. छाती आवळायची, आता मेलोच असं वाटायचं. क्लिनिकनं एक पुस्तक दिलं. आठवड्याला एक प्रकरण वाचायचं, त्यातला सराव करायचा, भीतीचे आकडे तक्त्यात भरायचे. गुरुवारी लंचला काकूंचा पंधरा मिनिटं फोन. मी पाठ केलेलं काही म्हटलं की त्या लगेच म्हणत, "हे पुस्तक बोललं. तू कधी बोलणार, बापा?"

वाचलं मी मनापासून. फ्रीवेवर मात्र एकदाही गेलो नाही. आज सांगूनच टाकतो, तक्ता मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून भरला. इंजिनिअरिंगला जर्नलमधली रीडिंग्ज होस्टेलवर बसून पाडायचो, तशीच. आठ, सात, पाच, तीन. फोटो काढून पाठवला. "फार सुंदर ग्राफ आलाय," काकू म्हणाल्या. मी थँक्यू म्हटलं!

खोटं तेवढंच नव्हतं. फ्रीवेवर गाडी नेहमी बायकोच चालवायची. महाराष्ट्र मंडळात मित्र चिडवत, "वहिनी स्टिअरिंग सोडत नाहीत वाटतं!" बायको हसून सगळं स्वतःवर घ्यायची. मीही हसायचो.

मग काकूंच्या मुलाला सनीव्हेलला नोकरी लागली. मुलगा-सून पुढे गेले आणि मागून निघताना काकूंनी मलाच विचारलं, "एअरपोर्टला सोडशील?" नाही म्हणवलं नाही. बॅग डिकीत ठेवली आणि त्यांच्या ड्राइव्हवेतच माझं अवसान गळालं.

"काकू, ती रीडिंग्ज खोटी होती."

"माहीत आहे." त्यांनी सीटबेल्ट लावला. "भीती काय अशी पायऱ्या उतरल्यासारखी उतरते? असले ग्राफ आणणाऱ्या पोरांना मी परत टेबलाशी पाठवायचे. फ्लाइटला पाच तास आहेत. चल."

पर्समधून कोरा तक्ता निघाला, पेन्सिल निघाली.

"किती?"

"नऊ."

"आता?"

"दहा. काकू, छाती आवळतेय."

"आवळू दे. पुस्तक काय म्हणतं?"

"चढलेलं उतरतं."

"आणि तू?"

"मला पुढच्या एक्झिटला बाहेर पडायचंय!"

"हां, हे तू बोललास. उजव्या लेनमध्येच राहा, हळू चालव. किती?"

बऱ्याच वेळानं, त्यांनी न विचारता मी म्हणालो, "सात."

टर्मिनलपाशी त्यांनी जर्नलवर करतात तशी तक्त्याखाली सही केली. "परतीचा तू भर. एकट्यानं," म्हणाल्या, आणि मागे न बघता आत गेल्या.

परतताना मी दोनदा एक्झिट घेऊन थांबलो. तेही लिहिलं. फोटो पाठवला. सनीव्हेलला पोचल्यावर त्यांचा मेसेज आला: "फार वेडावाकडा ग्राफ. पास."

घरी तो कागद बायकोसमोर ठेवला. तिनं दोनदा वाचला आणि गाडीची किल्ली माझ्या बाजूच्या खुंटीला लावली.

काकू गेल्या वर्षी गेल्या. मंडळात अजूनही कुणी बायकोला चिडवतं. आता मी हसत नाही. "ती नाही, मी घाबरायचो," सांगतो. "दहापैकी दहा."